दुर्बिणीची काच आणि आपला हात

डोळ्यात कचरा गेला तर डोळा चोळू नये, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. दुर्बिणीच्या काचेलाही हाच नियम लागू पडतो. पण मला तो उशिरा कळला. मागील वर्षी आम्ही काही मित्र सिद्धेश्वर धरणावर पक्षी पाहावयास गेलो होतो. सरांनी त्यांची स्वतःची दुर्बीण विश्वासाने माझ्या हाती दिली होती. वाटेत काचेवर धूळ बसली. मी ती सदऱ्याच्या टोकाने चांगली घासून पुसली. काच लखलखीत झाली आणि मला समाधान वाटले. रात्री दिव्यापुढे ती तिरपी धरली, तेव्हा तिच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसले. सर रागावले नाहीत. "आता हे का झाले ते शोधून काढ आणि मला सांग," एवढेच म्हणाले. प्रस्तुत लेख हे त्यांना दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. कठिनतेच्या मोह्‌स मापावर क्वार्ट्‌झचा क्रमांक ७, तर काचेचा साधारण ५.५ ते ६. म्हणजे कापड कितीही मऊ असो, त्याखाली धूळ सापडली की त्याचा पॉलिश पेपर होतो. शिवाय काचेवर बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या द्रव्याचा लेप असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो; लेपामुळे हे नुकसान बरेच कमी होते. या लेपाची जाडी मात्र मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी! तो एकदा खरवडला गेला की घरी परत चढविता येत नाही.

म्हणून पहिला नियम असा, की गरज नसेल तर पुसूच नये. थोड्या धुळीने चित्रात फारसा फरक पडत नाही. पुसणे भागच असेल तर क्रम पाळावा. प्रथम फोटोच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी पंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकर घालू नये. थुंकीचे शिंतोडे उडतात. उरलेले कण मऊ, कोऱ्या ब्रशने अलगद झटकावेत. बोटांचा तेलकट डाग राहिलाच, तर लेन्सच्या स्वच्छ कापडावर लेन्ससाठीच्या द्रावणाचे एकदोन थेंब घ्यावेत. थेंब काचेवर टाकू नयेत. कडेने आत झिरपतात. मग मध्यापासून कडेकडे, दाब न देता पुसावे आणि दर वेळी कापडाची नवी बाजू घ्यावी. आरशाच्या दुर्बिणीतील आरसा तर कापडाने मुळीच पुसू नये. त्याचा ॲल्युमिनियमचा थर वरच्या अंगालाच उघडा असतो. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. यासाठी दुर्बीण आधी नीट वाळू द्यावी आणि मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावी. दुर्बीण खोलून आतून पुसण्याचे धाडस कोणी करू नये.

हे सारे क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याकडे पाहा. तेथील लायगो-इंडिया वेधशाळेच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनातील तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असणार आहेत. अमेरिकेतील लायगोचे मुख्य आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाचे आहेत. त्यांच्यावर धुळीचा कण राहिला तर तो लेसरच्या प्रखर प्रकाशाने तापतो आणि आरशाला इजा पोहोचू शकते. तेथे आरसे घासत नाहीत. पातळ द्रव लावून तो वाळू देतात आणि त्याची पापुद्र्यासारखी साल ओढून काढतात. धूळ सालीबरोबर निघून येते.

घासणे म्हणजे स्वच्छता, हे आपण भांड्यांवरून शिकलो. काचेने मला वेगळे शिकविले : आधी हात थांबवावा, मग स्वच्छ करावे. सरांच्या दुर्बिणीवरचे ओरखडे आता जाणार नाहीत. तरीही यंदा सहलीला निघताना त्यांनी ती पुन्हा माझ्याच हाती दिली.