एका टिंबाची किंमत

(संगणकाच्या पडद्यावर केलेले काम लोखंडात कसे उतरते, हे या पाठात सांगितले आहे.)

सुट्टीत मी उल्हासनगरहून लोकलने अंबरनाथला मामूंकडे गेलो. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधील आहे. त्या काळी कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने दगड कोरला. आज याच गावातील एका कारखान्यात मामू लोखंड कापतात. पण त्यांच्या हातात छिन्नी नसते.

मामू संगणकासमोर बसले होते. पडद्यावर लोखंडाचा गोल तुकडा फिरत होता. एक हत्यार पुढे सरके आणि तुकडा सोलला जाई. ना आवाज, ना ठिणगी!

"मामू, हा खेळ आहे का?" मी विचारले.

"ही रंगीत तालीम आहे. खरे यंत्र पलीकडे आहे," मामू म्हणाले.

अशा यंत्राला सीएनसी यंत्र म्हणतात. त्याला अक्षरे आणि आकडे यांच्या भाषेत आज्ञा देतात. 'जी ०१' म्हणजे सरळ रेषेत कापत जा. आकड्यांवर चालणारे असे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९५२ साली लोकांना दाखवले. तेव्हा कागदी पट्टीला भोके पाडून आज्ञा देत.

हत्यार ५० मिलिमीटर मागे न्यायचे होते. मी '५०' लिहिले. पडद्यावर हत्यार हललेले दिसलेच नाही.

"पुढे टिंब दे," मामू म्हणाले. "टिंब नसेल तर हे यंत्र मिलिमीटरचे हजारावे भाग मोजते."

"आणि टिंब विसरलो तर?"

मामू गंभीर झाले. "नवा होतो तेव्हा मी विसरलो होतो. तालीमही घेतली नव्हती. हत्यार मागे आलेच नाही. ते तसेच आडवे गेले आणि लोखंडावर आदळून मोडले. समोरची काच बंद होती, म्हणून मी वाचलो. उर्दूत एका नुक्त्याने 'खुदा'चा 'जुदा' होतो ना? इथेही तसेच आहे."

मी टिंब दिले. मामूंनी पुन्हा तालीम घेतली, मग यंत्राचे हिरवे बटण दाबले. थोड्या वेळाने त्यांनी एक चकचकीत दांडा बाहेर काढला, मापला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा बदलापूरच्या एका कारखान्यातील पंपात बसेल," ते म्हणाले.

पडद्यावर दांड्याला वजन नव्हते. हातात मात्र तो चांगलाच जड लागला.

शब्दार्थ : छिन्नी – दगड कोरण्याचे हत्यार, रंगीत तालीम – खऱ्या प्रयोगाआधीचा पूर्ण सराव, टिंब – नुक्ता.

स्वाध्याय
१. मामूंचे हत्यार का मोडले?
२. पडद्यावर तालीम घेण्याचा फायदा तुमच्या शब्दांत लिहा.