पिवळी फरशी कुठे घेऊन जाते?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात दोन वर्षांपूर्वी बाजारपेठेतून नवा फुटपाथ झाला. त्याच्या मधोमध पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्यांचा पट्टा आहे. काही फरश्यांवर गोल टिकल्या आहेत, काहींवर लांब रेघा. त्या अंध माणसांसाठी असतात एवढं ऐकून आहे. पण त्या ओळखायच्या कशा? आणि आमच्याकडचा पट्टा विजेच्या डीपीपाशी जाऊन संपतो, तो का? दुसरं असं की, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझी आई वॉकर घेऊन चालते. फुटपाथ नवा आहे, रुंदही आहे. तरी ती रस्त्याच्या कडेनेच चालते. कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. असं का होत असेल?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी फरश्यांचं सांगतो. लांब रेघांची फरशी म्हणजे ‘रेघांच्या दिशेने सरळ चला’. गोल टिकल्यांची फरशी म्हणजे ‘थांबा, इथे काहीतरी बदलतंय’. ते वळण असेल, रस्ता ओलांडायची जागा असेल, जिन्याची पहिली पायरी किंवा रेल्वे फलाटाची कड असेल. या लिपीत एवढी दोनच अक्षरं आहेत. ती तळपायाला कळतात आणि पांढऱ्या काठीच्या टोकालाही कळतात. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी तयार केली. त्यांच्या एका जवळच्या मित्राची दृष्टी जात चालली होती, त्याच्यासाठी. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर, ती पहिल्यांदा बसवली गेली. तिथून निघालेली ही दोन अक्षरं आज आपल्या मेट्रो स्थानकांत आहेत आणि तुमच्या बाजारपेठेतही पोहोचली आहेत.

रंग पिवळाच का, असाही प्रश्न पुष्कळांना पडतो. आपण ज्यांना सरसकट ‘अंध’ म्हणतो त्यांतल्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं. उजेड-अंधार कळतो, ठळक रंग कळतो. करड्या काँक्रीटवर पिवळा पट्टा त्यांना वाट दाखवतो. म्हणून फुटपाथच्या रंगाशी मेळ बसावा, छान दिसावं, म्हणून करड्याच फरश्या बसवल्या तर त्यांचा निम्मा उपयोग गेला.

आता तुमच्या गावचा डीपी. पट्टा अडथळ्यापासून दोन्ही बाजूंना साधारण दोन फूट मोकळा असावा लागतो आणि दिशा बदलायची असेल तिथे टिकल्यांची फरशी यावी लागते. रेघांची फरशी ‘सरळ ये’ म्हणत एखाद्याला लोखंडी पेटीवर नेऊन आदळत असेल, तर ती त्याच्याशी खोटं बोलते आहे. पाटी चुकली तर डोळस माणूस दुसऱ्याला विचारतो. पायाखालची फरशी चुकली तर ते कळायला कपाळावर टेंगूळ यावं लागतं. असं होतं याचं कारण बहुतेक वेळा सरळ असतं. फुटपाथचं अंदाजपत्रक एका टेबलावर तयार होतं, विजेचं काम दुसऱ्या खात्याचं, झाड तिसऱ्याचं. फरशी इतके मीटर बसवायची, एवढंच कागदावर असतं. ती कुठून कुठे न्यायची हे कोणी चालून पाहिलेलं नसतं.

माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन शिक्षक आहेत. ते बाजारात जातात तेव्हा फरशीपेक्षा दुकानांच्या सलग ओट्यांवर जास्त भिस्त ठेवतात. काठी ओट्याच्या कडेला लावत जायचं. पिठाच्या गिरणीची घरघर आली की डावीकडे बोळ, फरसाणाच्या तळणाचा वास आला की पुढे चौक. त्यांची खरी भीती जमिनीवरच्या वस्तूंची नाही. काठीला जमिनीवरचं सगळं सापडतं. छातीच्या वरचं काहीच सापडत नाही. दुकानाचं पुढे काढलेलं पत्र्याचं छप्पर, बाहेर लटकणारी एसीची पेटी, तिरका बांधलेला फ्लेक्स, छत्रीच्या काड्या. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या पादचारी मार्गदर्शिकेत, म्हणजे ‘आयआरसी १०३’मध्ये, रुंदीबरोबर उंचीही दिलेली आहे : चालायची जागा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळी. फुटपाथ म्हणजे जमिनीवरची पट्टी असं आपण धरून चालतो. खरं तर ती माणूस मावेल अशी एक लांबलचक खोली आहे, आणि तिला छतही मोकळंच लागतं.

तुमच्या आईंच्या हट्टाला कारण आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी एका स्नेह्यांबरोबर आमच्याकडची एसटी स्टँड ते मंडई ही वाट मोजली. ते व्हीलचेअरवर, मी मागे, खिशात सुताराची टेप. सरळ चाललं तर दहा-बारा मिनिटांची वाट. फुटपाथची कड पहिल्याच ठिकाणी नऊ इंच भरली. का एवढी उंच? तर खाली गटार आहे आणि गटाराचा स्लॅब हाच फुटपाथ. शिवाय ‘उंच ठेवला की मोटरसायकली चढत नाहीत’ हा समज. मोटरसायकली चढतातच, चढत नाहीत ते म्हातारी माणसं, पोटुशी बाई, बाबागाडी आणि व्हीलचेअर. दर बोळाच्या तोंडाशी फुटपाथ तुटतो. नऊ इंच उतरायचं, बोळ ओलांडायचा, पुन्हा नऊ इंच चढायचं. आमच्या वाटेवर असे सात बोळ होते. मधल्या काही दुकानांनी स्कूटर आत घेण्यासाठी सिमेंटचे तिरके उतार ओतलेले, त्यामुळे फुटपाथ आडवा कललेला. वॉकरचे चार पाय अशा कलत्या जागी एका पातळीत टेकत नाहीत, व्हीलचेअर आपोआप रस्त्याकडे ओढली जाते. मंडईपर्यंतची निम्मी वाट आम्ही शेवटी रस्त्यानेच गेलो, आणि स्नेही म्हणाले, “इथे निदान जमीन सपाट आहे.”

तुमच्या आई नेमकं हेच सांगत आहेत. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला सपाट शंभर पावलं जड नसतात. एक उंच पायरी जड असते. वर फुटपाथ कितीही गुळगुळीत असला तरी त्यावर चढता-उतरताना दर वेळी पडायची भीती असेल, तर माणूस वाहनांची भीती पत्करतो. ही भीती लहान नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांतली जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती.

फुटपाथची कड जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच असावी, असं हीच मार्गदर्शिका सांगते. रॅम्पचा मान्य उतार एकास बारा. हे गणित टेपवर फार सोपं आहे : जितके इंच चढ, तितके फूट लांब उतार. सहा इंचांच्या कडेला सहा फुटांचा उतार हवा, नऊ इंचांच्या कडेला नऊ फुटांचा. आता पाच-सहा फुटांच्या फुटपाथवर नऊ फुटांचा रॅम्प मावणार कुठे? म्हणून मग दोन-अडीच फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओतली जाते आणि ‘रॅम्प दिला’ अशी नोंद होते. अशा रॅम्पवरून व्हीलचेअर ढकलून पाहा. चढताना ती मागे कलंडते, उतरताना बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

मला स्वतःला पटलेला उपाय वेगळा आहे. बोळाच्या तोंडाशी फुटपाथ तोडूच नये, तो त्याच पातळीवर पुढे न्यावा आणि बोळात शिरणाऱ्या गाडीने छोटा चढ चढून तो ओलांडावा. यंत्राच्या चाकाला सहा इंच चढायला काही लागत नाही, सत्तरीच्या गुडघ्याला फार लागतं. चौकातही तसंच. झेब्रा पट्टे जमिनीवर रंगवण्याऐवजी तो भाग टेबलासारखा उचलून फुटपाथला आणून मिळवायचा. पायी जाणाऱ्याला उतरावं लागत नाही आणि गाड्यांचा वेगही आपोआप कमी होतो. पावसाचं पाणी अडू नये म्हणून कडेला जाळी ठेवावी लागते. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फटी बोटापेक्षा रुंद नकोत, नाहीतर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं आणि काठीचं टोक त्यांत अडकतं. चेंबरच्या झाकणांचं, खोदून पुन्हा बसवताना खचलेल्या पेव्हर ब्लॉकचं दुखणं याच जातीचं.

१.८ मीटर रुंदीचा आकडाही हवेतून आलेला नाही. एका व्हीलचेअरला सुखाने जायला साधारण ९० सेंटिमीटर लागतात; समोरून दुसरी आली तर त्याच्या दुप्पट. बाजारपेठेत याहून जास्त हवी, कारण दुकानासमोर लोक उभे राहतात, भाव करतात, साडीचा रंग उजेडात पाहतात. ती उभी राहण्याची जागा चालण्याच्या जागेत धरायची नसते.

इथे हातगाड्यांचा विषय निघतोच. वाट अडली की आपण पहिलं बोट भाजीवालीकडे दाखवतो. मी मोजलेल्या वाटेवर सर्वांत जास्त जागा उभ्या दुचाकींनी खाल्ली होती, त्याखालोखाल दुकानांनी बाहेर मांडलेल्या मालाने. पथारीवाल्या बायका कडेला, सावली पाहून, एका रांगेत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने स्वतःची टोपली ओढून घेऊन आम्हाला जागा करून दिली. दुचाकीला टोपली ओढता येत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधलेच असावे लागतात आणि कोणी कुठे बसायचं हे त्या समितीशी बोलून ठरवायचं असतं. बाजारपेठेत विक्रेता हवाच, चालणाऱ्याला तोच तर हवा असतो. त्याची रांग आखून दिली की १.८ मीटर मोकळे राहू शकतात. आठवडी बाजाराच्या दिवशी हीच रेघ चुन्याने आखावी, एवढंच.

बसायच्या जागेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आईंसाठी सांगतो. पूर्वी चौकात पार असायचा, दुकानांना ओटे असायचे. म्हातारी माणसं टेकत टेकत बाजार करायची. ओट्यांच्या जागी शटर आली, पारांभोवती कठडे आले. दर काही अंतरावर पाठ टेकता येईल असं एखादं बाक आणि वाटेत एक स्वच्छ स्वच्छतागृह असेल, तर गुडघेदुखीचं माणूस पुन्हा स्वतःची भाजी स्वतः निवडू लागतं.

हे सगळं गावाच्या मर्जीवर सोडलेलं आहे का? नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि रस्ते सर्वांना वापरता येतील असे असणं ही त्यात सरकारची जबाबदारी धरलेली आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. तुमच्या आईंसारखी वॉकरवरची माणसं, सातव्या महिन्यातल्या बायका, पाय मुरगळलेली मुलं त्या आकड्यात धरलेलीच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट सांगितलं की वापरण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ हा संविधानाच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता येईल असाच असला पाहिजे.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांना दिला जातो. एक दिवस ही फार थोडी गोष्ट आहे, तरी व्यापाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना ती डोळ्यांनी पाहता येते, म्हणून मला महत्त्वाची वाटते. तालुक्याच्या गावात असा दिवस बसवणं तर सोपं आहे. पेठ एकच असते.

तुमच्या नगरपरिषदेकडे संपूर्ण गावाचे फुटपाथ मागू नका. एकच वाट मागा : एसटी स्टँडपासून मंडई, तिथून सरकारी दवाखाना. तुटक चांगल्या तुकड्यांपेक्षा अशी एक सलग वाट शंभर पटींनी उपयोगी असते, कारण मधली एक पायरी बाकीची सगळी वाट बंद करते. मागणी मोजमापांसह करा, कडेचे इंच, रुंदीचे फूट, बोळांची संख्या, डीपीचा फोटो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांना द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीचं काय झालं, हे त्याच अर्जात विचारा. उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पण त्याआधी एक करा. एका सकाळी आईंबरोबर स्टँडपासून मंडईपर्यंत जा आणि त्यांना फुटपाथवर चढायचा आग्रह करू नका. जिथे जिथे त्या रस्त्यावर उतरतील तिथे खडूने खूण करा. त्या खुणा म्हणजेच तुमचा अर्ज.