रवींद्रनाथांचें चित्र कसें पाहावें?



आपल्या शाळेच्या सभागृहांत रवींद्रनाथ ठाकुरांचें एक चित्र टांगलेलें आहे. रोज सकाळीं त्याच्यासमोर उभे राहून आपण त्यांनींच रचलेलें राष्ट्रगीत म्हणतों, आणि सुमारें ५२ सेकंदांनीं पाठ फिरवून वर्गाकडे निघतों. मागील वर्षीं नववींतील एका मुलानें मला विचारलें, "सर, हे जन्मापासूनच म्हातारे होते का?" वर्ग हंसला, मीहि हंसलों. परंतु घरीं गोखिवऱ्यास परततांना तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना. त्याचें उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

व्यक्तिचित्र म्हणजे आरसा नव्हे. तें पाहतांना तीन प्रश्न विचारावे: तें कोणीं काढलें, केव्हां काढलें, आणि त्यांत काय झांकलें गेलें?

आपल्या राष्ट्राच्या दृष्टीनें रवींद्रनाथांचें महत्त्वाचें तैलचित्र दिल्लीस जुन्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहांत आहे. ही वास्तु २०२३ पासून संविधान सदन या नांवानें ओळखली जाते. चित्र काढणारे अतुल बोस हे बंगालचे नामांकित चित्रकार होत. त्याच दालनांत आपले गोपाळ देऊसकर यांनीं रंगविलेलें लोकमान्य टिळकांचेंहि चित्र आहे. याच सभागृहांत २४ जानेवारी १९५० रोजीं संविधान सभेच्या बैठकींत रवींद्रनाथांच्या गीतास राष्ट्रगीताचा मान मिळाला. मूळ गीताचीं कडवीं पांच. त्यांतील पहिलें आपण म्हणतों. तें प्रथम २७ डिसेंबर १९११ रोजीं कलकत्त्यास राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत गाइलें गेलें, तेव्हां कवीचें वय ५० वर्षांचें होतें. स्वतः कवि १९४१ सालींच निवर्तले होते. हा मान त्यांनीं पाहिला नाहीं.

त्याच १९११ सालच्या आरंभीं विल्यम रोथेनस्टाइन नांवाचा इंग्रज चित्रकार कलकत्त्यास ठाकुरांच्या वाड्यांत गेला होता. तो गेला होता अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ या चित्रकार बंधूंना भेटावयास. तेथें त्यांचे चुलते शुभ्र वस्त्रें नेसून संभाषण ऐकत मुकाट्यानें बसले होते. ते मोठे कवि आहेत हें पाहुण्यास कोणीं सांगितलें नाहीं. त्यानें केवळ मुद्रा पाहिली, आणि ती रेखाटण्याची परवानगी मागितली. पुढील वर्षीं लंडनमध्यें त्याच गृहस्थांनीं आपल्या कवितांचें इंग्रजी हस्तलिखित त्याच्या हातीं दिलें. १९१२ सालीं 'गीतांजलि' प्रसिद्ध झाली ती रोथेनस्टाइनच्या रेखाचित्रासह, आणि अर्पण केली होती त्यालाच. १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कीर्तीच्या आधीं मुद्रा पाहणारा डोळा किती दुर्मिळ, हें यावरून ध्यानीं यावें.

आतां तिसरा प्रश्न. त्याचें उत्तर आपल्या मुंबईंतच आहे. १८७८ सालीं रवींद्रनाथ १७ वर्षांचे होते. शाळा त्यांना कधींच मानवली नव्हती. विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी संभाषणाची संवय व्हावी म्हणून वडील बंधु सत्येंद्रनाथ यांनीं त्यांना मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरीं ठेविलें. हे डॉक्टर म्हणजे १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. त्यांची कन्या अन्नपूर्णा विलायतेंत शिकून आलेली, सुविद्य होती; तिनें या लाजाळू मुलास शिकविण्याचें काम पतकरिलें. शिक्षकांच्या लेखीं अपयशी ठरलेल्या त्या मुलाजवळ दाखविण्यासारखें एकच होतें, तें म्हणजे कविता. अन्नपूर्णेनें ती मनापासून ऐकिली. तिच्या विनंतीवरून त्यांनीं तिला 'नलिनी' असें नांव दिलें.

त्याच अन्नपूर्णेनें त्यांना बजाविलें होतें कीं, दाढी कधीं वाढवूं नये, चेहऱ्याची रेखा झांकूं देऊं नये. साठ वर्षें लोटल्यावर, १९४० सालीं, 'छेलेबेला' या बाळपणाच्या आठवणींत वृद्ध कवीनें ही गोष्ट नमूद केली. आपण तें ऐकलें नाहीं हें जगजाहीर आहे, आणि हा आज्ञाभंग पाहावयास ती राहिली नाहीं, असें ते हंसत, परंतु हळहळत लिहितात. अन्नपूर्णा १८९१ सालीं एडिंबरो येथें वारली होती.

तेव्हां, बाळांनो, त्या चित्रांतील दाढीआड एक मुखरेखा आहे. मुंबईच्या एका मुलीनें ती जपावयास सांगितली होती. उतारवयांत रवींद्रनाथांनीं स्वतः कुंचला हातीं घेतला. १९३० सालीं पॅरिसमध्यें त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन भरलें. त्यांनीं स्वतःचाहि चेहरा काढला. जणुं तेहि त्या मुखरेखेचा शोध घेत होते.

माझ्या नववींतील तो मुलगा गणितांत मागें आहे, आणि वहीच्या समासांत चेहरे काढतो. त्याबद्दल मीं त्याला कित्येकदां उभें केलें. हा लेख लिहितांना मला आठवलें कीं, मीं त्याचे गुण पाहिले. त्याचे चेहरे एकदांहि पाहिले नाहींत. परवां मीं ती वही मागून घेतली. एका पानावर सभागृहांतील चित्रच त्यानें उतरविलें होतें, परंतु दाढीवांचून.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर, माझ्याहि आधीं, त्यानेंच शोधलें होतें.