रोज घाट मारू नकोस, पोरी

अगं, करंजी घाटाचा चढ सलग तिसऱ्या दिवशी मारलास म्हणे. तुझ्या आईकडून कळलं. जिद्दीला माझी ना नाही. पण दमायचं कसं ते तुला चांगलं येतं, दम परत कसा भरायचा ते अजून यायचंय. म्हणून आत्याच्या या चार गोष्टी. चारच्या जरा जास्त झाल्यात, चालवून घे.

१. आठवड्यात दोन दिवस जीव तोडून पळ, फार तर तीन. बाकीच्या दिवशी मैत्रिणीशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकंच — मांडीतला इंधनाचा साठा रिकामा झाला की भरायला दिवसभर तरी लागतो, आणि भरायच्या आत उपसलास तर वेळ सुधारणार नाही. रोज चढेल घाट, त्याची चुकेल वाट.

२. हलका दिवस म्हणजे हलकाच, शेजारची पुढे गेली तर जाऊ दे — अकॅडमीतल्या निम्म्या पोरी नेमक्या याच दिवशी एकमेकींना हरवतात, आणि खऱ्या सरावाला पाय उचलत नाहीत.

३. गावी आलीस, रात्रीची लाईट आली आणि दादाबरोबर कांद्याला दारं धरलंस, तर सकाळचा घाट रद्द — शरीर शेतातला शीण आणि मैदानातला शीण वेगवेगळ्या वहीत मांडत नाही. घरात सांगायला जीभ रेटत नसेल तर माझं नाव सांग. तुझा बाप माझ्यापुढे बोलत नाही. जागरणाची उधारी पोटरी फेडते.

४. पहाटे पाचला मैदान गाठायचं तर रात्री नऊला मोबाइल उशापासून लांब — स्नायूंची बरीचशी डागडुजी झोपेत होते. दुपारी अर्धा तास आडवी झालीस म्हणून कोणी आळशी म्हणालं, तर म्हणू दे.

५. सकाळी जाग आली की उठायच्या आधी मनगटाची नाडी मोज, पूर्ण एक मिनिट, आणि वहीत लिही. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असं दोन-तीन दिवस चाललं, भूक गेली, चिडचिड वाढली, तर घड्याळ घरी ठेवून नुसतं फिरून ये — शरीर मागचीच थकबाकी फेडतंय. चिडचिड मात्र स्वतःला कळत नाही, ती आईला विचारायची.

६. पळून आल्यावर तासाभरात खा: भाकरी-मटकी, अंडी, केळं, गूळ-शेंगदाणे, जे हाताशी असेल ते. मटकीवर लिंबू पीळ आणि चहा तासभर पुढे ढकल — चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, लिंबू लागू देतं. आणि पळणाऱ्या मुलींना लोहाचीच टंचाई.

७. पाळी तीन महिने आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नकोस, डॉक्टरीणबाईंकडे जा — पळणं जास्त आणि खाणं कमी झाल्याची ती खूण असते, आणि त्यात हाडं कच्ची होतात. यात लाजण्यासारखं काही नाही.

८. ताप असताना पळायचं नाही. यावर चर्चा नाही.

९. दुखण्याची जात ओळख. दोन्ही मांड्या भरून आल्या तर दोन-तीन दिवसांत उतरतात. पण नडगीवर एकाच बोटाखाली कळ येत असेल तर थांब — हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीचे काही आठवडे ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. दुखण्यावरची गोळी खाऊन पळणंही नको. दुखणं झाकलं जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, अंगात पाणी कमी असताना, ती गोळी मूत्रपिंडाला महागात पडू शकते. कडक सरावानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

१०. थांबलं की संपलं असं वाटेल तेव्हा आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्याकडे बघ. मांडव्याचा अविनाश साबळे २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ताच्या एशियाडला मुकला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:२९.८० वेळ देऊन गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्य. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ वर आला. सहा वर्षांत वीस सेकंद! तुला मात्र पंधरवड्यात हवेत.

११. स्पर्धेआधीचे दहा-बारा दिवस पल्ला निम्म्यावर आण, थोडा वेग राहू दे — शेवटच्या आठवड्यातल्या मेहनतीचं फळ स्पर्धेपर्यंत पोचत नाही, शीण तेवढा पोचतो.

मागच्या फोनवर उजव्या नडगीचं काहीतरी बोलली होतीस. आज बोट ठेवून बघ, आणि काय ते रात्री नऊच्या आत मला सांग.