कूलर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव नावाचे गाव आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागात दुपारचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा वेळी घराघरांतून गेल्या वर्षीचे कूलर बाहेर काढले जातात. त्यांतला एखादा सुरूच होत नाही. एखादा सुरू होतो, पण गरम हवा फेकतो. मग घरात वाद सुरू होतो. कोणी म्हणते, "दुरुस्त करून आणू." कोणी म्हणते, "फेका ते डबडे, नवीनच आणू." हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. घरात वृद्ध आजी किंवा तान्हे बाळ असेल, तर उष्माघातापासून त्यांचे रक्षण करण्याचाही आहे. याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा शाळेत शिकलेल्या विज्ञानाने आणि थोड्याशा गणिताने कसे देता येते, ते आपण पाहू या.

माठ आणि कूलर

गावाच्या नावातच कुंभार आहे, तेव्हा सुरुवात माठापासूनच करू. माठाच्या भिंतीला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगाला येते आणि त्याची वाफ होते. सुमारे ३० अंश तापमानाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता माठातील पाण्याकडून घेतली जाते, म्हणून ते पाणी थंड होते.

परंतु जुना माठ पहिल्यासारखे पाणी गार करीत नाही, हे तुम्ही घरी ऐकले असेलच. पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात आणि ते माठाची छिद्रे बुजवून टाकतात. ती छिद्रे पुन्हा पूर्ववत मोकळी करणे अवघड असते, म्हणून नवा माठ आणावा लागतो.

कूलरचे तत्त्वही नेमके हेच आहे. पंप टाकीतील पाणी वर चढवतो. ते तिन्ही बाजूंच्या ताट्यांवरून खाली झिरपते. पंखा बाहेरची कोरडी, तापलेली हवा या ओल्या ताट्यांमधून ओढून घेतो. त्यांतील पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता वापरली जाते आणि थंड हवा खोलीत येते. माठात व कूलरमध्ये फरक एवढाच, की माठात झिजणारा भाग हाच सगळा माठ असतो; कूलरमध्ये मात्र ताट्या, पंप, मोटर, टाकी हे भाग वेगवेगळे असतात आणि ते सुटे बदलता येतात. म्हणून कूलरच्या बाबतीत "कूलर बिघडला" असे म्हणून भागत नाही. नेमका कोणता भाग बिघडला, हे आधी शोधले पाहिजे.

हवा किती गार व्हायला हवी?

कूलर कितीही चांगला असला, तरी हवा एका मर्यादेपलीकडे गार करू शकत नाही. ही मर्यादा ओल्या तापमापकावरून कळते. तापमापकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, की त्यातील पारा खाली उतरू लागतो आणि काही वेळाने स्थिर होतो. त्या तापमानापर्यंत हवा बाष्पीभवनाने थंड होऊ शकते, त्याखाली नाही.

मे महिन्यात हवेचे तापमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. दोन्हींतला फरक १९ अंशांचा झाला. चांगल्या ताट्यांचा कूलर या फरकाच्या सुमारे ७० टक्के काम करतो. म्हणजे हवा १३ अंशांनी उतरून सुमारे २९ अंशांवर येईल. आता जुलै महिन्यातील स्थिती पाहा. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २७ अंशांवर थांबतो. फरक अवघा ३ अंशांचा. त्याच कूलरने हवा जेमतेम २ अंशांनी उतरेल आणि खोलीत दमटपणा मात्र वाढेल. म्हणूनच मराठवाड्यात व विदर्भात कूलर उपयोगी पडतो, तर मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत तो फारसा कामाचा नसतो. पावसाळ्यात कूलर "काम करीत नाही" म्हणून तो बदलायला निघणे चुकीचे आहे. तो दोष कूलरचा नसून हवेतील ओलाव्याचा आहे.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक घ्या. वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन पुढील तीन मापे घ्या.

१. कूलरच्या मागच्या बाजूला, सावलीत, आत शिरणाऱ्या हवेचे तापमान.
२. त्याच जागी ओल्या तापमापकाचे तापमान.
३. कूलर १५ मिनिटे चालल्यावर त्याच्या तोंडाशी, जाळीच्या बाहेर, येणाऱ्या हवेचे तापमान.

पहिल्या मापातून तिसरे वजा करा. पहिल्यातून दुसरे वजा करा. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागून १०० ने गुणा. ही झाली कूलरची कार्यक्षमता, टक्क्यांत. समजा, मापे ४२, २३ आणि ३४.५ अशी आली. तर ७.५ भागिले १९, म्हणजे सुमारे ४० टक्के. ७० टक्क्यांच्या आसपास उत्तर यायला हवे होते. याचा अर्थ ताट्यांवर पाणी नीट पोचत नाही किंवा ताट्या क्षारांनी भरल्या आहेत. यासाठी नवा कूलर घेण्याचे काहीच कारण नाही. ताट्या बदलाव्यात, पंप व पाण्याच्या नळ्या साफ कराव्यात, एवढेच.

कार्यक्षमता चांगली आली, पण तरीही खोलीत घुसमट होत असेल, तर खिडकीकडे पाहा. कूलर सतत ओलसर हवा आत ढकलत असतो. ती बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीतील आर्द्रता वाढत जाते आणि घाम सुकत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवले, की पुष्कळदा "बिघडलेला" कूलर एक पैसाही खर्च न करता सुधारतो.

पाणी जाते, क्षार राहतात

१ घनमीटर हवा १३ अंशांनी थंड करण्यासाठी सुमारे ६ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. एखादा कूलर दर सेकंदाला अर्धा घनमीटर हवा ओढत असेल, तर तासाला १८०० घनमीटर हवेसाठी जवळजवळ ११ लिटर पाणी लागेल. दिवसाचे ८ तास धरले, तर ८८ लिटर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याची केवढी टंचाई सोसली, हे घरातील मोठ्यांना विचारा, म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

आता बोअरच्या पाण्याचा विचार करू. समजा, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम क्षार आहेत. तर दिवसाला ८८ ग्रॅम आणि ९० दिवसांच्या उन्हाळ्यात जवळजवळ ८ किलो क्षार कूलरमध्येच मागे राहतील! ताट्यांवर साचणारा पांढरा थर, अडकणारा पंप आणि टाकीच्या तळाला चढणारा गंज यांमागे हेच क्षार असतात. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी व ऑक्सिजन लागतात. पाण्यात क्षार असले, की ही क्रिया अधिक वेगाने होते. पत्र्यावरचा जस्ताचा लेप टिकून असेपर्यंत लोखंड सुरक्षित असते. तो गेला, की टाकीला भोके पडू लागतात.

यावर सोपा उपाय आहे. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासावी व सुकू द्यावी. ते पाणी वाया घालवू नये, सडा-सारवणासाठी वापरावे. यामुळे आणखी एक लाभ होतो. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारणपणे आठ-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्याला टाकी कोरडी केली, की ही साखळी तुटते.

आधी जीव, मग पैसा

खर्चाचा हिशेब करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पत्र्याचा कूलर, साचलेले पाणी आणि वीज हे त्रिकूट धोक्याचे आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या बातम्या येतात. वायरवरचे वेष्टण फाटले आणि ती पत्र्याला टेकली, की सगळी पेटीच विजेने भारली जाते. घरात अर्थिंग नीट असेल व कूलरला तीन पायांची पिन असेल, तर गळणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्याची सोपी वाट मिळते. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच घरात बसवला असेल, तर अधिक चांगले.

कूलरला हात लावताना झिणझिण्या येत असतील, तर तो लगेच बंद करून तंत्रज्ञाला दाखवावा. पाणी भरताना नुसते बटण बंद न करता पिन काढूनच ठेवावी. मुलांनी कूलर उघडण्याच्या भानगडीत पडू नये. अर्थिंग करूनही पेटीत वीज उतरत असेल आणि पत्रा ठिकठिकाणी खाल्ला गेला असेल, तर दुरुस्ती स्वस्त पडते की महाग, हा प्रश्नच उरत नाही. तो कूलर बदललाच पाहिजे.

आता हिशेब

बिघाडाची लक्षणे ओळखली, की खर्च ठरवता येतो. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो थोड्या पैशांत मिळतो. मोटर जळाल्याचा वास येतो, तर ती पुन्हा भरून घ्यावी लागते. पाणी वर चढत नाही, तर पंप पाहावा. टाकी गळते, तर पत्रा बदलावा लागतो.

एक उदाहरण सोडवू. पुढील किमती केवळ हिशेबासाठी धरल्या आहेत. तुम्ही आपल्या बाजारातील किमती घाला. जुना कूलर २०० वॉट घेतो, नवा १३० वॉट. दोन्ही वर्षात ७२० तास चालतात. विजेचा दर युनिटला ८ रुपये धरू. जुन्याला १४४ युनिट, म्हणजे ११५२ रुपये लागतील. नव्याला सुमारे ९४ युनिट, म्हणजे ७५२ रुपये. नव्या कूलरची किंमत ८००० रुपये व आयुष्य ८ वर्षे धरले, तर वर्षाला १००० रुपये पडतात. त्याचा एकूण वार्षिक खर्च १७५२ रुपये झाला. ताट्या दोन्हींना बदलाव्या लागतातच, म्हणून त्या दोन्हीकडून वगळू. दुरुस्ती ३ वर्षे टिकेल असे मानू.

फक्त पंप बदलायचा असेल, तर ३०० रुपये, म्हणजे वर्षाला १००. वीज मिळवून १२५२ रुपये. येथे दुरुस्तीच योग्य.

पंप बदलून मोटरही भरायची असेल, तर एकूण १५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५००. वीज मिळवून १६५२ रुपये. नव्याशी जवळजवळ बरोबरी झाली.

त्यातच टाकीचा पत्रा बदलण्याचे आणखी १५०० रुपये आले, तर वर्षाला १०००. वीज मिळवून २१५२ रुपये. आता नवा कूलर स्वस्त पडतो.

यावरून असे दिसते, की एक भाग बिघडला तर दुरुस्ती, आणि अनेक भाग एकदम जवाब देऊ लागले तर बदल, हे सर्वसाधारण धोरण ठीक आहे. पण ते डोळे मिटून न मानता प्रत्येक वेळी आकडे मांडावेत.

वातानुकूलन यंत्राचे काय?

विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलन यंत्रणेचा आराखडा तयार केला. आज 'एसी' गावांतही पोचला आहे. त्यात पाण्याऐवजी बंद नळीतून फिरणारा शीतक वायू आतली उष्णता घेऊन बाहेर टाकतो. दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो आणि त्यासाठी साधारण दीड किलोवॉट वीज घेतो.

येथेही हिशेबाची रीत तीच, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे वायूचा मार्ग बंदिस्त असतो. त्यामुळे "गॅस संपला" याचा अर्थ तो कोठेतरी गळतो आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या अनेक यंत्रांत आर-२२ हा वायू आहे. तो ओझोनच्या थराला हानी पोचवतो. १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवला जात आहे. त्यामुळे जुन्या यंत्राची गळती झाली किंवा कॉम्प्रेसर जळाला, तर सहसा नवे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते. कपॅसिटर जाणे किंवा जाळी धुळीने भरणे हे मात्र किरकोळ बिघाड आहेत. नवे यंत्र घेताना ताऱ्यांची पट्टी पाहावी. ही योजना भारतात २००६ मध्ये सुरू झाली. तिचे निकष वेळोवेळी कडक केले जातात, म्हणून पूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात.

आणि हो, कूलर असो वा एसी, स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला आणि खिडकीवर सावली केली, तर घरात येणारी उष्णताच कमी होते. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

स्वाध्याय

१. बाहेरची हवा ४० अंश, ओला तापमापक २२ अंश आणि कूलरची हवा ३३ अंश असेल, तर कार्यक्षमता किती? तुम्ही काय दुरुस्त कराल?
२. वरील उदाहरणात कूलर वर्षाला ७२० ऐवजी ३०० तासच चालला, तर मोटर व टाकी दोन्ही बिघडल्यावर उत्तर बदलते का?
३. आपल्या घरच्या कूलरमध्ये एका दिवसात किती बादल्या पाणी लागते, ते मोजा. त्यावरून तासाला किती पाण्याची वाफ होते, ते काढा.