सातेरीचे आषाढातील अन्न

मधमाशी मधावर जगते असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. मध हे तिचे सरपण. अंग धरायला लागतो तो पराग. तरुण कामकरी माश्या पराग खातात, त्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून दुधासारखा रस पाझरतो आणि त्यावर अळ्या व राणी पोसल्या जातात. माशीला दहा अमिनो आम्ले अन्नातूनच मिळावी लागतात, हे डी ग्रूट या संशोधकाने १९५३ साली दाखवून दिले. साखरेत त्यांतले एकही नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे? महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ ठरले, तेव्हापासून आमच्या कर्जत तालुक्यातही पेट्यांच्या गोष्टी मी ऐकतो. पेटीतल्या माशीने आषाढात खायचे काय, हे मात्र कोणी बोलत नाही.

राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे घ्या. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा. पुढे जांभूळ, करंज, हिरडा. पेटी भरून वाहते. मग जूनमध्ये पाऊस लागतो. उडणे थांबते, जे थोडे फुलते ते धुऊन जाते. डोंगर हिरवागार दिसतो तेव्हाच माशीचा दुष्काळ असतो! राणी अंडी घालणे कमी करते, कामकरी माश्या अळ्याच खाऊ लागतात आणि एके दिवशी सातेरीची सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. मधपाळ मग मुंग्यांना, पेटीला, नशिबाला बोल लावतो.

यावर उपाय साखरेच्या पाकाचा. समभाग साखर व उकळलेले पाणी; एका वसाहतीला आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखर पुरते. पाक गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवावा आणि माश्या बुडू नयेत म्हणून वाटीत काड्या टाकाव्यात. बाहेर सांडला तर शेजारच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नये, माश्यांना हगवण लागते. अनोळखी पेटीतला मधही नको. त्यातून रोग येतात. परागाची उणीव चरबी काढलेल्या सोयाबीनच्या पिठात साखर व यीस्ट मळून काही अंशी भरून काढता येते.

परंतु वैशाखात शेवटचा थेंब पिळून घ्यायचा आणि आषाढात साखर घालायची, हा हिशेब मला पटत नाही. पावसाळ्यापुरता मध पेटीतच ठेवला तर पाक फारसा लागू नये. आणि खरा प्रश्न झाडापेऱ्याचा आहे. भाद्रपदात तेरडा, सोनकी, भाताच्या फुलोऱ्याचा पराग आणि वरकस जमिनीवरची खुरासणी, एवढ्यावर वसाहत पुन्हा उभी राहते. वरकस जमीन फार्महाउसच्या कुंपणात गेली की खुरासणीही जाते. तिची भरपाई कोणता पाक करणार?

पाक बंद कधी करावा, हे माशीच सांगते. पाऊस ओसरल्यावर सकाळी पेटीच्या दाराशी थोडा वेळ बसावे. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या येऊ लागल्या की वाटी काढून घ्यावी. वरचा मधकोठा त्यानंतरच चढवावा. नाही तर बाटलीत साखर उतरते.