‘सर्व्हर डाऊन’ आणि जोडीचा हिशेब

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मला उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी आदिलाबाद जिल्ह्यातला. घरी मराठी, बाजारात तेलुगू. सुट्टीत गावी गेलो तेव्हा वडील दिवसाचे काम टाकून माझ्याबरोबर केंद्रावर आले. खिडकीतून एकच उत्तर मिळाले, “सर्व्हर डाऊन.” अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, दाखला मिळाला तिसऱ्या दिवशी. शिष्यवृत्ती हुकली ती हुकलीच. परतताना वडील म्हणाले, “एक बंद पडला, तर यांच्याकडं दुसरा नसतो का रे?”

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ह्या प्रश्नाच्या वाटेला का जावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे.

वेब सर्व्हर म्हणजे आलेली मागणी ऐकून पान पाठविणारा कार्यक्रम. तो म्हणजे संगणकाची पेटी नव्हे. एकाच पेटीवर त्याच्या दोन-तीन प्रती चालू शकतात आणि अनेक पेट्या मिळून क्लस्टर, म्हणजे समूह, होतो. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग लागते. समजा, आत चार काटे आहेत आणि दारावरचा कारकून प्रत्येक गाडीला रिकामा काटा दाखवतो. एक काटा बिघडला तर गाडी दुसऱ्यावर जाते. पण कारकूनच जेवायला गेला तर?

आता हिशेब. एक सर्व्हर वर्षातून 99 टक्के वेळ चालू असतो असे धरा. म्हणजे तो सुमारे 88 तास बंद राहील. तसेच दोन ठेवले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातील एक गुणिले शंभरातील एक, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षाकाठी जेमतेम 53 मिनिटे! मात्र ह्या गुणाकाराला एक अट आहे: एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी काही संबंध नसावा. संख्याशास्त्राच्या तासाला ही अट आपण वहीत उतरवतो आणि विसरतो.

24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात ही अट मोडली. सकाळी 11.40 च्या सुमारास व्यवहार थांबले, ते दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले; त्या दिवशी बाजार 5 पर्यंत चालवावा लागला. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. त्या दोन्ही बिघडल्या आणि जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा मिळेनाशी झाली. कंपन्या दोन, बिले दोन. बिघाड मात्र एकाच सकाळी. चेन्नईला आपत्कालीन केंद्रही होते, पण काम तिकडे हलवले गेले नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तेथून 45 मिनिटांत काम दुसरीकडे सुरू करायचे. मला ह्यातला अर्ध्या तासाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसरे केंद्र असणे वेगळे आणि ‘आता तिकडे चला’ असे कोणीतरी म्हणणे वेगळे.

क्लस्टरमध्ये हे म्हणण्याचे काम कार्यक्रमावर सोपवतात. कानडी विभागात लिहिणारा माझा एक वर्गमित्र आणि मी, दोघांनी प्रयोगशाळेतील दोन जुन्या संगणकांवर ते करून पाहिले. आधी एकाच यंत्रावर अपाचेच्या दोन प्रती चालविल्या. पहिल्या खेपेस दुसरी प्रत ‘पत्ता वापरात आहे’ म्हणून अडली, कारण दोघींना एकच पोर्ट दिले होते. पोर्ट बदलले, तर आता ‘आधीच चालू आहे’! अपाचे आपला क्रमांक एका फाईलीत लिहून ठेवते, आणि ती फाईल दोघींची एकच होती. प्रत्येकीला निराळे पोर्ट, निराळी क्रमांकाची फाईल, निराळी रोजकीर्द दिल्यावर त्या सुखाने नांदल्या. अर्थात ती पेटीच बंद पडली तर दोघी एकदम जाणार.

मग दोन यंत्रांना मिळून एक सामाईक पत्ता दिला. पेसमेकर नावाचा कार्यक्रम अपाचेला ठराविक सेकंदांनी ‘आहेस ना?’ असे विचारतो. उत्तर आले नाही तर पत्त्यासह काम दुसऱ्या यंत्राकडे देतो. पहिल्या यंत्राची वीज तोडली आणि थोड्या वेळाने तेच पान दुसऱ्याकडून आले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे मित्राने वीज न तोडता दोघांमधली केबल काढली. दोन्ही यंत्रे जिवंत, पण प्रत्येकाला वाटले की दुसरे गेले. दोघांनी एकच पत्ता बळकावला. एकाच खात्यावर दोन कारकुनांनी परस्परांना न विचारता नोंदी कराव्यात, तशी ही गत. म्हणून जाणकार तिसरे मत ठेवतात. बहुमत ज्याच्याकडे, त्यानेच काम करायचे. शिवाय दुसऱ्याचे काम घेण्यापूर्वी त्याची वीज खरोखर तोडायची, म्हणजे शंका उरत नाही. जरा क्रूर वाटते, पण त्यावाचून हिशेब जुळत नाही.

हे सर्व लिहून झाल्यावर परवा आमच्या लक्षात आले की आमची दोन्ही यंत्रे भिंतीवरच्या एकाच बोर्डावर लावलेली आहेत. एक यंत्र शेजारच्या खोलीत नेण्यासाठी लांब वायर मागितली आहे. अर्ज अजून वर गेलेला नाही.